अकरा महिन्यांत तिसरी क्लच वायर

"पेडल पुन्हा खालीच राहिलंय," मावशी फोनवर म्हणाली. गाडी तिनं आधीच कडेला घेऊन बंद केली होती. "पंजा मागून घालून उचललं की वर येतं. दाबलं की परत तिथंच." तिच्या आवाजात वैताग होता आणि तो रास्त होता. त्या गाडीला अकरा महिन्यांत दोन नव्या क्लच वायरी बसल्या होत्या. आता दुसरीही धरायला लागली होती.

गाडी अठरा वर्षांची. छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी, तारेवरचा क्लच असलेली. तिची मूळ वायर सतरा वर्षं टिकली. अकरा महिन्यांपूर्वी क्लच घसरायला लागला म्हणून गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा क्लचचा आतला संच बदलला गेला, आणि "एवढं उघडलंच आहे तर" म्हणून वायरही नवी टाकली. ती पाच महिन्यांत अडकली. दुसरी सहा महिन्यांत. एकानं सांगितलं, हल्लीच्या वायरींना दम नाही. दुसऱ्यानं सांगितलं, नवी प्रेशर प्लेटच सदोष आहे, गिअरबॉक्स पुन्हा उतरवा. मावशी त्या दुसऱ्या सल्ल्याकडे झुकली होती. मी तिला म्हटलं, "मावशी, एक दिवस थांब. आधी मला बघू दे."

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट. चालत्या गाडीत पेडल अर्धवट खाली राहिलं तर तशीच घरापर्यंत रेटू नये. अर्धवट दाबलेला क्लच म्हणजे घसरणारा क्लच. प्लेट तापते, जळका वास येतो आणि काही किलोमीटरांत नवीकोरी प्लेट संपू शकते. पेडल पायानं उचलून पूर्ण वर आणायचं, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन कडेला थांबायचं. खाली वाकून हातानं पेडल ओढायचं ते गाडी उभी झाल्यावरच. मावशीनं नेमकं हेच केलं होतं, म्हणून क्लच प्लेट वाचली.

आता पेडल वर कशानं येतं ते बघू, कारण निदानाची सगळी दिशा त्यावर ठरते. बहुतेकांना वाटतं की पेडलची छोटी स्प्रिंग ते वर आणते. तारेवरच्या क्लचमध्ये खरं काम प्रेशर प्लेटची डायफ्राम स्प्रिंग, म्हणजे पाकळ्या असलेली ताटलीसारखी स्प्रिंग, करते. आपण पेडल दाबतो, तार ओढली जाते, गिअरबॉक्सवरचा दांडा फिरतो, आतला फोर्क रिलीज बेअरिंगला पुढं ढकलतो आणि बेअरिंग त्या स्प्रिंगच्या पाकळ्या दाबतं. पाय उचलला की पाकळ्या उलट जोर लावतात आणि तीच साखळी मागं फिरते. पेडलची आपली स्प्रिंग, असलीच तर, शेवटचा थोडासा मोकळा भाग उचलण्यापुरती असते. खाली जाताना आपल्या पायाचा जोर असतो, तो घर्षणावर मात करतो. वर येताना पाय मदत करत नाही. म्हणून साखळीत कुठंही घर्षण वाढलं तरी आधी बिघडतं ते परत येणं. दाबायला थोडं जड, परत यायला सुस्त, आणि एक दिवस मध्येच थांबलेलं. मावशीच्या गाडीत हाच क्रम दोन वेळा घडला होता.

(ज्या गाडीत क्लचसाठी ऑइलची छोटी टाकी असते तिथं यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथं मऊ पडून खाली बसणारं पेडल बहुधा सिलिंडरची गळती किंवा आत शिरलेली हवा सांगत असतं.)

साखळीचे तीन तुकडे पडतात: पेडल, वायर आणि गिअरबॉक्सचा दांडा. तिन्ही एकत्र जोडलेले असताना कुठला अडतोय हे कुणालाच सांगता येत नाही, कितीही अनुभव असो. म्हणून वेगळे करायचे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गिअरबॉक्सपाशी वायरचा ॲडजस्टिंग नट सैल करून टोक दांड्यातून सोडवलं, मग डॅशबोर्डखाली डोकं घालून पेडलच्या आकड्यातून दुसरं टोक काढलं. पाच मिनिटांत उत्तर मिळालं. पेडल एका बोटानं सहज झुलत होतं, म्हणजे ते ज्या नळीवजा कडीत फिरतं तो बुश ठीक. दांडा हातानं मोकळ्या भागात हलका फिरत होता. लांब पाना लावून दाबला तर सलग, स्प्रिंगसारखा विरोध आणि सोडल्यावर झटकन माघारी. गिअरबॉक्सच्या आत अडकणारं काही असतं तर तो असा परतला नसता. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा सल्ला तिथंच निकालात निघाला. उरली वायर. तिचं टोक हातानं ओढलं तर एका ठिकाणी करकचून धरत होती, जोर लावला की पुढं सरकत होती.

इथं मला माझी एक चूक सांगायला हवी. महिन्यापूर्वी पेडल थोडं सुस्त झालं तेव्हा मी याच वायरीत पेडलच्या बाजूनं ऑइल सोडलं होतं. दहा दिवस छान चाललं. त्यामुळं मला वाटलं, वायर कोरडी होती. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरीला बाहेरून ऑइल लागत नाही. उलट त्यावर धूळ बसून लेप तयार होतो. माझ्या ऑइलनं खरी खूण महिनाभर झाकली गेली, एवढंच.

वायर हाती आल्यावर ती कचऱ्यात न टाकता मी चिरली. सायकलच्या ब्रेकवायरीचीच ही थोरली बहीण: मध्ये पीळ घातलेली पोलादी तार, तिच्याभोवती नायलॉनची नळी, तिच्यावर पोलादी गुंडाळीचं आवरण आणि सगळ्यात वर काळं प्लॅस्टिक. जिथं करकच लागत होती तो भाग वळणावरचा होता, केबिनच्या पत्र्यातून वायर बाहेर येऊन खाली वळते तिथला. तिथली नळी वितळून एका बाजूला दबली होती आणि तारेनं तिच्यात खोल चर पाडला होता. तार स्वतः चकचकीत होती. एकही धागा तुटलेला नाही, गंज नाही.

वितळलेली. घासून झिजलेली नव्हे. वायरीचा दर्जा वाईट असता तर झीज दिसली असती, पाणी गेलं असतं तर गंज दिसला असता. इथं उष्णता आली होती.

साहजिकच पहिला संशय सायलेन्सरच्या पाइपवर गेला. पण वायरचा मार्ग त्यापासून दूर, इंजिनच्या दुसऱ्या बाजूनं होता. आणि बाहेरून उष्णता लागली असती तर सर्वात वरचं काळं प्लॅस्टिक आधी सुरकुतलं असतं. ते वरून धड होतं. सोलून बघितलं तर आतल्या बाजूनं मात्र पोलादी आवरणाला चिकटलं होतं. म्हणजे तापत होतं ते मधलं पोलादी आवरणच, आणि उष्णता तिथून दोन्ही बाजूंना जात होती. धातूची गुंडाळी बाहेरची आच नसताना आपली आपण तापते ती विजेमुळं.

मी मावशीला विचारलं, "सेल्फ मारताना काही वेगळं जाणवतं का गं?"

"सकाळी जरा दमून फिरतो. बॅटरी जुनी असेल म्हणून मी बोलले नाही. हेडलाइट लावले तरी चांगले प्रखर असतात पण."

दिवे प्रखर आणि सेल्फ मात्र दमलेला. हे एक वाक्य मला आधी मिळालं असतं तर दुसरी वायर बहुधा वाचली असती. बॅटरीतच जीव नसता तर दिवेही मंदावले असते. इथं फक्त सेल्फ उपाशी राहत होता.

सेल्फला वीज एका जाड तारेनं मिळते, पण तिला बॅटरीकडे परतही जावं लागतं. सेल्फ इंजिनच्या धातूवर बोल्टनं बसलेला असतो, त्यामुळं परतीची वाट इंजिनमधून सुरू होते. पण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर उभे असतात आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून त्यांना बॅटरीशी जोडणारी अर्थची जाड तार असते. या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह तार बॉडीवर येते आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी जाते. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फही फिरताना १०० अँपिअरच्या वर सहज ओढतो. ही पट्टी खराब झाली तर तेवढी वीज दुसरी वाट शोधते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या आणखी काय वस्तू आहेत? गिअर बदलण्याचा रॉड, ॲक्सिलरेटरची वायर, स्पीडोमीटरची वायर आणि क्लचची वायर. तिच्या आवरणाचं एक टोक गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटवर टेकलेलं, दुसरं पत्र्यावर. या वाटेवर कुठं फ्यूज नाही. काही उडत नाही, काही बंद पडत नाही, नुसतं तापतं. (टोकांना चांगलं रबर किंवा प्लॅस्टिक असलेल्या गाड्यांत ही वाट बंद असते. इथं टोकं उघड्या धातूची होती.)

आणि मावशीची एक चांगली सवय यात भर घालत होती. ती क्लच दाबूनच सेल्फ मारते. म्हणजे आवरण तापतं नेमक्या त्याच क्षणी आतली तार ताणलेली असते आणि वळणावर मऊ पडलेल्या नळीत रुतते. चर तिथंच का पडला, वायर दुसरीकडे कुठंच का धरत नव्हती, याचं उत्तर मला त्यात मिळालं. सवय सोडायची गरज नव्हती. वीज योग्य वाटेवर आणायची होती.

हे सगळे अजून अंदाजच होते. जुनी वायर चिरलेली, म्हणून आणलेली नवी वायर तात्पुरती बसवली आणि मोजायला घेतलं. इंधन पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. मावशीनं सेल्फ मारला. आकडा आला १.९ व्होल्ट. तो ०.२च्या आसपास असायला हवा. ०.५च्या वर गेला तर अर्थमध्ये नक्की दोष समजावा. मग वाट दोन भागांत तोडली: बॅटरी ते बॉडी ०.१ आणि बॉडी ते गिअरबॉक्स १.८. दोष कुठल्या अर्ध्या भागात आहे ते आता कागदावर होतं. इंजिन रात्रभर थंड असूनही पाच-पाच सेकंद दोनदा सेल्फ मारल्यावर क्लच वायर पत्र्याजवळ हाताला कोमट लागली. इथं मी थांबलो, नाहीतर तिसरी वायरही गेली असती.

मल्टिमीटर नसेल तर जंप केबलची एक तार पुरते. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या जाड उघड्या धातूला, बेल्ट आणि पंख्यापासून लांब लावायचं आणि सेल्फ मारायचा. एरवी दमणारा सेल्फ एकदम जोमानं फिरला तर दोष अर्थमध्येच आहे. आम्ही तेही केलं. मावशी आतूनच म्हणाली, "अरे, नवी असताना असा आवाज यायचा!"

पट्टी होती कुठं? बॅटरीच्या ट्रेखाली, जागच्या जागी, दोन्ही बोल्ट घट्ट. वरून बघणाऱ्याला ती ठणठणीत वाटली असती, आणि मला वाटतं दोनदा वायर बदलणाऱ्यांना तशीच वाटली असणार. ओहमवर मोजली तरीही ती शून्याजवळच दाखवत होती, आणि नवख्या माणसाची फसगत इथंच होते. मल्टिमीटर ओहम मोजताना नावापुरतीच वीज सोडतो. तेवढ्याला तांब्याचा एक धागाही पुरतो. १०० अँपिअरला पुरत नाही. म्हणून अर्थची परीक्षा भार टाकूनच घ्यायची.

सोडवल्यावर खरं रूप दिसलं. गिअरबॉक्सकडच्या टोकाशी लगमध्ये, म्हणजे बोल्ट घालायच्या धातूच्या कडीत, हिरवी-पांढरी भुकटी भरलेली, वेणी वाकवली तर धागे हातात तुटून येत होते. आणि लग टेकत होता तो काळ्या रंगानं रंगवलेल्या ब्रॅकेटवर. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा ही पट्टी सोडवली गेली असणार आणि परत बसवताना रंगावरच कसली गेली. त्या दिवसापासून वायरींचं आयुष्य सतरा वर्षांवरून पाच-सहा महिन्यांवर आलं. कुणाला दोष देण्यापेक्षा मला ही तारीख जास्त महत्त्वाची वाटते. एखादा भाग अचानक वरचेवर जायला लागला तर तो पहिल्यांदा जाण्याआधी गाडीत शेवटचा हात कुठं लागला होता, हे आधी शोधावं. मावशी डायरीत गाडीचं प्रत्येक काम लिहून ठेवते म्हणून ते दोन मिनिटांत सापडलं.

दुरुस्ती शोधापेक्षा सोपी निघाली. तेवढ्याच लांबीची, तितकीच जाड नवी पट्टी घेतली, लग दाबून बसवलेले. पट्टी ताणलेली नको, कारण इंजिन हलतं. ब्रॅकेटवरचा रंग आणि बॉडीवरचा गंज पॉलिश पेपरनं घासून दोन्ही जागा चकचकीत केल्या, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसले, आणि कसून झाल्यावर वरून ग्रीसचा पातळ थर दिला. आधी नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार अगदी शेवटी जोडली. पुन्हा मोजलं: ०.१८ व्होल्ट.

वायर मी आता पुन्हा नीट बसवली. पत्र्याच्या भोकातली रबरी कडी (ग्रोमेट) जागेवर, वळण मोठं आणि सैल, जुन्या सगळ्या क्लिपा वापरून. पेडलच्या आकड्याला थोडं ग्रीस. मग ॲडजस्टिंग नटवर पेडलचा मोकळा खेळ जमवला. हातानं पेडल हलकं दाबताना विरोध सुरू होईपर्यंतचं अंतर ते. अशा बहुतेक छोट्या गाड्यांत ते १५ ते २५ मिलिमीटर असतं, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. वायर आपोआप जुळवून घेणाऱ्या गाड्यांत हा नट नसतोच. खेळ कमी ठेवला तर बेअरिंग सतत पाकळ्यांना टेकून फिरतं आणि क्लच घसरतो. जास्त ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. नवी वायर सुरुवातीला थोडी बसते, म्हणून पेडल तीस-चाळीस वेळा दाबून खेळ पुन्हा मोजला आणि दोन आठवड्यांनी परत. शेवटची तपासणी इंजिन चालू ठेवून: क्लच दाबला, तीन-चार सेकंद थांबलो, रिव्हर्स टाकला. आवाज नाही.

मावशीला वाटलं, झालं. मी मात्र ॲक्सिलरेटरची वायरही सोडवून हातानं ओढून पाहिली. तिच्यातूनही अकरा महिने तीच वीज थोडी थोडी गेली होती, आणि क्लच अडकला तर गाडी थांबते, ॲक्सिलरेटर अडकला तर थांबत नाही. मध्यावर एका जागी ती किंचित खरखरली. इतकी किंचित की चालवताना कधी कळली नसती. ती बदलली. स्पीडोमीटरच्या वायरीत काही सापडलं नाही.

याला आता चौदा महिने झाले. गेल्या आठवड्यात मी पुन्हा मल्टिमीटर लावला, ०.१९ आलं. पेडल एका बोटानं उचलता येतं आणि सोडलं की पायाच्या आधी वर येतं. डायरीत मावशीनं त्या दिवसाखाली लिहिलंय: "क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, अर्थची पट्टी." पट्टीखाली तिनं दोन रेघा मारल्यात.